बॅटरी कोण उतरवतंय?

चावी फिरवली, तर गाडी नुसतीच खाकरली. गॅरेजवाल्या दिगंबरनं बॉनेट उघडून मान हलवली. "बॅटरी जुनी झाली, वहिनी. बदला आता."

ऋताला पटेना. परवा यानंच तर अजून वर्षभर चालेल म्हणून सांगितलं होतं. पण बाळंतपणाची रजा संपली होती. सोमवारपासून घाट ओलांडून कामावर जायचं, आणि मध्येच गाडी बंद पडली तर?

"टाक की बदलून," तिचे सासरे अण्णा घाईघाईनं म्हणाले. तिच्या मनात पाल चुकचुकली. टॉर्चचे सेल उन्हात वाळवून पुन्हा वापरणारे अण्णा नवी घे म्हणतात? दिगंबर त्यांच्या रोजच्या चहाचा सोबती. दोघांचं साटंलोटं असणार. "उद्या सांगते," ती म्हणाली.

दुपारी अण्णा रोजच्यासारखे बाळाला फिरवायला घेऊन गेले. एरवी ती या वेळात गाढ झोपायची, आज डोळा लागेना. खाली पार्किंगमध्ये आली, तर उभ्या गाडीचा इंडिकेटर लुकलुकत होता. काचा उघड्या, आत अण्णा, आणि त्यांच्या खांद्यावर झोपलेलं बाळ.

"माझ्या अंगाईनं जास्तच रडतो गं," अण्णा ओशाळून कुजबुजले. "या टिकटिकीनं झोपतो, तुला तासभर पडता येतं. पण बॅटरी मीच उतरवली. घाटात अडकशील अशी भीती वाटली, म्हणून नवी घे म्हटलं. आता सोमवारी गाडी नेलीस की याला कसं झोपवू, तेच कळेना."

ऋतानं तिथूनच हळू आवाजात दिगंबरला फोन लावला. "नवी बसवा. पण जुनी मोडीत नेऊ नका. चार्ज करून तिला एक टिकटिकणारा इंडिकेटर जोडून द्या. घरात हवाय."