शनिवारचा बिघाड

“तुझ्याच पंपानं मारलं माझ्या आईला!” असं ओरडत तो दांडगा माणूस मेडिकल कॉलेजच्या कार्यशाळेत घुसला आणि हातातली लोखंडी कांब त्यानं पहिल्याच टेबलावर हाणली. काचेचा चुरा सगळ्यांच्या अंगावर उडाला.

डॉक्टरकी शिकणारी पोरं टेबलांखाली शिरली. सर मात्र जागचे हलले नाहीत. सर डॉक्टर नव्हते, पोरांना दवाखान्यातली यंत्रं शिकवणारे इंजिनिअर होते. रुग्णाला थेंबथेंब औषध देणारा तो पंप त्यांनीच बनवला होता. पंपानं रात्रभराचं औषध एका दमात सोडलं, बाई दगावली, आणि चौकशीत खापर फुटलं नर्सच्या डोक्यावर.

“चौकशी झालीय त्याची,” सर म्हणाले. असल्या वेळी माणसानं तोंड मिटून घ्यावं, पण सरांना ते उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

कांब दंडावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला. दुसरा घाव छातीवर पडला आणि सर कोसळले. तिसरा उगारला, तोच वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी मध्ये घुसली.

“बस कर!”

त्याचा हात थबकला. तेवढ्यात चौघांनी झडप घालून त्याला लोळवलं आणि लाथाबुक्क्यांनी तुडवत बाहेर ओढत नेलं.

सरांची नाडी लागेना. एक जण त्यांची छाती दाबू लागला. मुलीनं हृदयाला झटका देणारं यंत्र ओढलं, सरांच्या छातीवर पट्ट्या चिकटवल्या, बटण दाबलं. काहीच झालं नाही.

“अगं, आज शनिवार!” छाती दाबणारा रडवेला होऊन ओरडला.

दर शनिवारी सर एखाद्या यंत्रात मुद्दाम बिघाड करून ठेवत आणि पोरांना तो शोधायला लावत. ही मुलगी तो चुटकीसरशी काढायची, म्हणून सरांची फार लाडकी.

आज ती यंत्रावर वाकली. तिनं फ्यूज बदलला, बॅटरी बदलली, झाकण उघडून तारा चाचपल्या.

“लवकर गं! काळे पडायला लागले सर!”

“बघतेय ना!”

वॉर्डातलं यंत्र आणायला धावलेली मैत्रीण धापा टाकत परतली, तेव्हा सगळं संपलं होतं.

“तू शर्थ केलीस,” तिला कवटाळून मैत्रीण म्हणाली. “सरांनी स्वतःच्याच हातानं ओढवून घेतलं गं.”

ती हुंदके देत राहिली. मग तोंड धुतलं, कापूस आणि पट्टी घेतली आणि व्हरांड्यात गेली. तो माणूस तिथे बेड्या घालून बसवलेला होता, कपाळ फुटलेलं, एक डोळा सुजून मिटलेला. जखम कुणाचीही असो, डॉक्टरनं ती बांधायचीच. पोलिसानं मान डोलावली आणि तो बाजूला सरकला.

ती पट्टी गुंडाळायला त्याच्या कानाशी वाकली.

“आपल्या आईची शपथ, दादा, बिघाड मला पहिल्या नजरेतच दिसला होता.”