जस्ताची कढई

“वितळलेलं जस्त लोखंड खातं, साहेब. माझ्या गणितानं या लोखंडी कढईची भिंत एका जागी टॉर्टियासारखी पातळ झालीय. आग बंद करा.” यादिरानं लॅपटॉपवरचं चित्र कारखान्याच्या मालकापुढं, डॉन एवारिस्तोपुढं धरलं.

तो पाळीतल्या सगळ्या कामगारांना ऐकू जाईल असं हसला. “बाई, आमच्या कढईनं तुमचं गणित वाचलेलं नाही! ऑर्डर निघाल्याशिवाय आग विझणार नाही.”

कामगारही हसले. रोज त्याच कढईच्या काठावर मक्याच्या टॉर्टिया शेकून खाणारी माणसं ती. “इंजिनिअरबाई, चित्रात माझी टॉर्टिया करपलेली दिसते का बघा की!” एलिसेओ ओरडला.

यादिराची कानशिलं तापली. भिंत फुटली तर ते जस्त यांच्याच पायांवर येणार होतं, आणि हेच दात काढत होते.

तेवढ्यात मालकानं कढईच्या त्या पातळ भिंतीलगत उभ्या असलेल्या जावयाला, लिओबार्दोला, बोटानं खुणावलं आणि कानात काहीतरी सांगितलं. जावई हातमोजे काढत मुकाट्यानं गोदामाकडं निघाला.

“एलिसेओ, त्याच्या जागी तू उभा राहा,” मालक म्हणाला.

यादिरानं लॅपटॉप मिटला. आता गणित सांगण्यात अर्थ नव्हता.

“एलिसेओ,” तिनं सगळ्यांदेखत विचारलं, “जावईबापूंना आजच का रे हलवलं?”

एलिसेओनं त्या मोकळ्या जागेकडं पाहिलं, मग मालकाकडं. मालक दुसरीकडंच बघत होता.

एलिसेओ वळला आणि त्यानं आग बंद केली. या वेळी कुणीच हसलं नाही.