नावेखालची रेघ

"साधाच फिश फाइंडर द्या," इस्त्रीवाली म्हणाली. "मासे दिसले की झालं."

"मासे कुठे बघायचेत आपल्याला, वहिनी?" दीर हळू आवाजात म्हणाला. दुकानदारानं समजून मान खाली घातली.

तलावाकाठच्या त्या गळ-वल्ह्यांच्या दुकानात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. वर्षापूर्वी तिचा नवरा सकाळी एकटाच कयाक, ती वल्ह्याची चिंचोळी होडी, घेऊन गेला म्हणे. दुपारी कयाक बांधाजवळ पालथी सापडली. तो सापडलाच नाही. पाणबुड्यांनी बांधाजवळचा तळ पिंजून काढला आणि शेवटी हात टेकले. दिरानं मात्र टेकले नव्हते. फिश फाइंडरवर, म्हणजे मासे शोधायच्या यंत्रावर, तळाचं चित्र उमटतं, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. तेव्हापासून त्यानं वहिनीच्या मागे भुणभुण लावली होती. स्वतः जायची सोय नव्हती. गुडघ्याच्या वर पाणी आलं की पठ्ठ्या थरथरायचा.

दुकानदारानं काउंटरवर तीन खोकी मांडली. पहिला फाइंडर चेंडूसारखा, दोरीला बांधून पाण्यात सोडायचा आणि चित्र मोबाइलवर बघायचं. "उन्हात मोबाइलवर आपलंच तोंड दिसतं," म्हणत त्यानंच तो बाजूला सारला. तिसरा भला थोरला. त्याची बॅटरी उचलतानाच दिराला घाम फुटला.

"हा मोठ्या बोटींसाठी. कयाकमध्ये हा बसला की तुम्ही उतरायचं."

राहिला मधला. वहीएवढा पडदा, हलकी बॅटरी, सेन्सर कडेच्या दांडीवर लावायचा. दुकानदारानं त्यावर नमुन्याचं चित्र सुरू केलं.

"उजवी कड म्हणजे आत्ता. डावीकडे सरकलं ते मागे पडलं. ही खालची जाड पट्टी म्हणजे तळ. मऊ गाळ फिकट दिसतो. दगड किंवा लोखंड असलं की असं लख्ख पिवळं. आणि ही कमान आहे ना, तो मासा. नाव पुढे जाते, तो मागे राहतो, म्हणून कमान."

"आणि सरळ रेघ आली तर?" दिरानं विचारलं.

"नाव थांबलेली असली की येते. आपण एका जागी, खालचंही एका जागी." दुकानदार हसला. "चालत्या नावेखाली आली तर समजायचं, खालचं आपल्याच चालीनं आपल्याबरोबर येतंय. असा मासा भेटला तर मला बोलवा, दुकान बंद करून येतो!"

दीर हसला. ती हसली नाही. पडद्याकडे बघत ती मानेमागच्या डागावरून बोटं फिरवत होती. इस्त्रीवाल्यांच्या हातांवर असतो तसाच भाजल्याचा डाग, फक्त तिचा मानेमागे होता. धंद्यात व्हायचंच असं, ती सांगायची.

"तळाशी गेलेलं काही..." ती थांबली. "जागचं हलतं का हो?"

दुकानदारानं पडदा बंद केला. "नाही, ताई. आपल्या तलावाला ओढ नाही. जड असेल ते जिथल्या तिथं."

तिनं सुस्कारा सोडला. "मग हाच द्या."

"कयाकला नांगर आहे का? एका जागी थांबून बघायला बरा पडतो."

"नांगर काय विकत घ्यायचा?" दीर म्हणाला. "वहिनीकडे कोळशाच्या इस्त्र्या आहेत दोन, लोखंडी. उचलताना खांदा निखळतो. दोर बांधला की झाला नांगर."

"त्या गेल्या भंगारात," ती म्हणाली.

"अहो वहिनी, आजोबांच्या होत्या त्या!"

"जागा अडवत होत्या."

दीर हिरमुसला, पण खोकं त्यानंच छातीशी धरून घरी आणलं.

रविवारी सकाळी त्यानं स्वतःच्या हातांनी सेन्सर लावला, बॅटरी जेवणाच्या डब्यात बसवली आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून कयाक ढकलली. "बांधाकडून सुरुवात करा. घाई करू नका." त्याचे डोळे भरले होते.

ती बांधाकडे वळली. पाण्यावर साधी सुरकुती नव्हती. पडद्यावर गाळ सरकत होता, मधूनच एखादी कमान. किनाऱ्यावरचा दीर बोटभर झाल्यावर तिनं कयाकचं नाक फिरवलं आणि टेकडीच्या आडोशाला गेली. तिथे बुडालेल्या झाडाचा शेंडा पाण्याबाहेर डोकावत होता. इथं कुणी शोधलं नव्हतं, आणि परत जाऊन तिनं 'नाही' म्हणून नुसती मान हलवली असती तर कुणी शोधणारही नव्हतं. पण वर्षभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. एकदा बघून घेतलं की जिवाचा घोर जाईल, असं तिला वाटत होतं.

शेंड्याच्या डाव्या हाताला पडदा लख्ख पिवळा झाला. दोन ठिपके, शेजारी शेजारी.

इस्त्र्या जिथल्या तिथं होत्या. दोर तिनंच आवळले होते, एक त्याच्या उजव्या पायाला, एक डाव्या.

भोवती सपाट, फिकट गाळ. ती त्यावरून पुन्हा गेली, मग आडवी गेली. दोन ठिपके आणि गाळ. बाकी काही नव्हतं. तो नव्हता.

कशीबशी तिनं कयाक किनाऱ्याकडे वळवली आणि वल्हं मारायला लागली.

पडद्याच्या उजव्या कडेला, तळ आणि नाव यांच्या मधोमध, एक रेघ सुरू झाली.

आपण थांबलो आहोत, असं तिला वाटलं. तिनं टेकडीकडे पाहिलं. टेकडी मागे पडत होती. तिनं वल्ह्याचा वेग वाढवला, डावीकडे वळली, उजवीकडे वळली. खालचा तळ उंचसखल होत सरकत राहिला.

किनारा दिसू लागला. दीर कयाक ओढून घ्यायला पाण्यात उतरला होता. आज पहिल्यांदाच तो गुडघ्याच्या पुढे आला होता.

"वहिनी! दिसला का दादा?"

ती वल्हवत राहिली. तळ वर वर येत होता. रेघ सरळच होती.