घालमेलीचं कडं

"उद्यापासून पॅकिंगही यंत्रंच करणार. तुम्ही पुन्हा नवं काम शिकायचं," कारखान्याच्या मॅनेजर हेमांगीने सांगितलं.

"अहो, मागचं अजून हातात बसलं नाही!" पॅकिंगच्या बायकांतून कुणीतरी म्हणालं.

असा बदल सांगणाऱ्याच्या हातात कारखान्याचं कडं असे; ऐकणाऱ्यांच्या जिवाची घालमेल त्यातून थेट त्याच्या छातीत उतरे. हेमांगीने आज ते आत येतानाच गुपचूप बंद केलं होतं.

थोरल्या द्वारकाबाई पाण्याचा पेला घेऊन पुढे आल्या. "घ्या, मॅडम. आम्हाला आपापलंच सोसायचं, तुम्हाला मात्र आमच्या सगळ्यांचं."

हेमांगीने पेला तसाच बाजूला ठेवला. ओढणीआड तिने कडं हळूच चालू केलं. भीती येईल, शिव्याशाप येतील, म्हणून ओठ घट्ट मिटले. आली ती साऱ्याजणींची तिच्याविषयीची कणव, आणि तिला मान वर करवेना.