टाकसाळीची चूक

हेमराजनं नाणं चिमटीत धरून भिंग डोळ्याला लावलं, तशी गोपिका मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसली. चूक निघू दे. टाकसाळीचीच चूक निघू दे.

सिंदी मेघेत हेमराजचं चांदीचं लहानसं दुकान. पोट जोडव्या-पैंजणांवर, जीव मात्र जुन्या नाण्यांवर. मोबाइलवर लाखालाखाच्या नाण्यांचे व्हिडिओ यायला लागल्यापासून, ज्याच्या घरात वाकडातिकडा पैसा सापडेल तो त्याच्याकडे धाव घेई आणि तोंड पाडून परत जाई. वांग्यांच्या रिकाम्या टोपल्या पायरीशी ठेवून आत आलेली ही बाईही त्यातलीच, असं धरून त्यानं तिला आधी पाणी दिलं. पडायचंच तर माणसानं जरा हळू पडावं, एवढाच त्याचा चांगुलपणा.

पण गोपिकाला लाख नको होते. सकाळी गादी उन्हात टाकताना ते नाणं तिला बारावीतल्या लेकीच्या, आचलच्या उशीखाली सापडलं होतं. जुना मोठा रुपया, पापडासारखा लाटलेला. शेजारीण सहज बोलून गेली, मालगाडीखाली ठेवला की असाच होतो. आचल म्हणाली, बाजारात एकानं दिला, तो बनलाच तसा. तिची कॉलेजातून यायची वाट रुळाच्या कडेकडेनं होती. महिनाभर पोरगी दोन घास खाऊन ताटावरून उठत होती आणि काही विचारलं की "काई नाई" म्हणत होती. मन चिंती ते वैरी न चिंती. नाणं जन्मानंच असं असेल तर लेक खरं बोलली, रुळाकडे गेली नाही. गोपिकाला एवढंच कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

हेमराजनं नाणं छोट्या तराजूत टाकलं, मग त्याची कड बोटानं चाचपली.

"ताई, वाईट नका मानू," तो म्हणाला. "टाकसाळीत चूक झाली ना, तरी अक्षर शाबूत राह्यते. येच्यात अक्षर ताणल्या गेलं. वजन पूर्ण आहे, म्हंजे माल तेवढाच, दाबल्या गेला. हा मार मागून बसला."

"मागून म्हंजे जुनाच असन ना? आमची पोरगी जन्माले याच्या आंधीचा?"

असा प्रश्न हेमराजला कोणी विचारत नसे. लोक फक्त किमतीवरून हुज्जत घालत. त्याला बरं वाटलं. त्यानं नाण्याची फाकलेली कड उजेडाकडे धरली. बाकी रुपया काळवंडला होता, ती कड मात्र नव्या भांड्यासारखी चकाकत होती. मार अगदी अलीकडचा, दहा-पंधरा दिवसांतला, असं त्यानं सांगून टाकलं. मग आकड्याच्या खाचेतून टाचणीनं लाल कण काढून त्यानं तिच्यापुढे धरला. "आन् हे पाहा, कुंकू. कोणाच्या तरी घरच्या पूजेतला दिसते."

गोपिकानं तो कण बोटावर घेतला. देव्हाऱ्यातल्या डबीतल्या जुन्या रुपयांना दर लक्ष्मीपूजनाला ती स्वतःच कुंकू लावत होती. म्हणजे बाजार नाही. नाणं देणारा माणूसही नाही.

लाख बुडाल्याचंच हे दुःख, असं समजून हेमराज तिची समजूत घालायला लागला. रोज दहा जण येतात, दहाही जण असेच जातात, त्यात काय एवढं. गोपिकानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं पदराची गाठ सोडली आणि त्याच्यासोबत सापडलेली आणखी दोन नाणी काउंटरवरच्या कागदावर ठेवली. तिन्ही एकाच बिघडलेल्या घाण्यातली असतील, असं तिनं इथवर येईपर्यंत स्वतःला समजावलं होतं. तरी ती दोन दाखवायचा धीर तिला झाला नव्हता.

हेमराजनं या वेळी भिंग घेतलं नाही. हाताच्या सवयीनं त्यानं नाणी ओळीत लावली, कमी मार लागलेलं आधी. पहिल्याची नुसती कड चेपली होती. दुसरं अर्धं पसरलं होतं. शेवटी तो पापड.

"रुळावर नाणं टिकत नाई," तो समजावून सांगायच्या सुरात म्हणाला. "गाडी जवळ आली का थरथरून खाली पडते. हे पह्यलं पडता पडता चेपलं. हे अर्धं राह्यलं. आन् हे तर पडलंच नाई. पडू नये म्हणून कोणी तरी अखेरपर्यंत तिथं..."

तो मधेच थांबला. इतका वेळ तो नाण्यांकडेच पाहत होता. आता त्यानं पहिल्यांदा बाईच्या तोंडाकडे पाहिलं.

"कुठी भेटले हे तुमाले?"

"पोरीच्या उशीखाली," गोपिका म्हणाली.

तिसऱ्या नाण्याच्या पुढे कागदावर जागा रिकामी होती. दोघांचीही नजर तिथे गेली आणि दोघांनीही ती काढून घेतली. हेमराज उठला. चांदीचा ट्रे काउंटरवर तसाच उघडा टाकून त्यानं खिळ्यावरची स्कूटरची किल्ली घेतली.

"ताई, कॉलेज किती वाजता सुटते?"

"सुटलं," गोपिका म्हणाली.