टाचेची उंची

"काका, बाहेर घालायचे बूट आणायला सांगितलं होतं ना? टाचेच्या उंचीप्रमाणे पायाचा कोन बदलतो," कृत्रिम पायाचा स्क्रू सैल करत तंत्रज्ञ म्हणाला.

"ह्या सपाता चालतील. मला आता कुठे मिरवायचंय?" काका भिंतीकडे पाहत म्हणाले.

काकूंनी पिशवीतून त्यांचे कामावर घालायचे, पॉलिश केलेले काळे बूट काढून तंत्रज्ञासमोर ठेवले. "ह्या टाचेप्रमाणे पाय बसवा."

"अगं, ह्या वयात, ह्या पायावर, कोण मला कामावर घेणार आहे?"

"कामावर नका जाऊ. नुसते बागेत जाऊन बसा," काकू थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "अपघात झाल्यापासून तुमच्यासमोर हसतेच आहे मी. मला घरात एकटीला तासभर रडायचंय."