मंद

"तुमच्या मुलीला दोन्ही कानांनी जेमतेम निम्मंच ऐकू येतं," डॉक्टर म्हणाले, तशी हेमलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गेल्या महिन्यात शाळेतल्या समुपदेशक बाईंनी बुद्धीची चाचणी घेतली आणि "रेवा मंद आहे" असं सगळ्या वर्गासमोर सांगून टाकलं. तेव्हापासून पोरीनं घरातही बोलणं सोडलं होतं.

हेमलता रेवाला घेऊन तडक शाळेत गेली.

"चाचणीत तिला गुण कमीच पडले होते," बाई म्हणाल्या.

"प्रश्नच ऐकू आले नाहीत, तर उत्तरं कुठून देणार? वर्गासमोर मंद म्हणालात ना? मग माफीही तिथंच मागा!"

बाई वर्गासमोर उभ्या राहून खालमानेनं पुटपुटल्या.

"मोठ्यानं बोला," हेमलता कडाडली. "माझ्या मुलीला ऐकू यायला हवं!"